एमबीबीएस झालं, आता जर्मनी की इंग्लंड? एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा

मागच्या रविवारी मंडईत गेले होते. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षे कांदे-बटाटे घेते ते बागवान चाचा पिशवी भरता भरता म्हणाले, "मॅडम, आमची पोरगी तुमच्याच हाताखाली शिकली. माशाअल्लाह, एमबीबीएस झालं, इंटर्नशिपही संपत आली. आता जर्मनीला जायचं म्हणते. एक एजंट सहा लाख मागतोय. नोकरीची गॅरंटी म्हणतो. द्यावे का?"

मी विचारलं, "कसली गॅरंटी, ते कागदावर लिहून देतो का?" चाचा गप्प झाले. गर्दी होती, बोलणं तिथेच राहिलं. पण घरी आल्यावर चैन पडेना. माझे दोन जुने विद्यार्थी या वाटेने गेलेत, त्यांच्याशी बोलले, तिथल्या सरकारी माहितीवरही नजर टाकली. आपल्या बऱ्याच घरांत हाच प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पदवी, परवाना आणि नोकरी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी होते आणि पोरगं डॉक्टर म्हणून बसू शकतं. म्हणून आपल्याला पदवी म्हणजेच परवाना वाटतो. युरोपात तसं नाही. तिथे आपली पदवी ही फक्त अर्ज करायची लायकी असते. परवाना त्या देशाची परीक्षा आणि भाषा पार केल्यावर मिळतो, आणि परवाना मिळाला तरी नोकरी वेगळी शोधावी लागते. एजंट फार तर फॉर्म भरून देईल. पोरीच्या बदल्यात जर्मन तो बोलणार आहे का?

जर्मनीचंच पाहू, कारण सध्या सगळ्यांच्या तोंडी जर्मनी आहे. तिथे डॉक्टरांची गरज आहे, हे खरं. परदेशातून आलेल्या डॉक्टरांमध्ये सगळ्यात जास्त सीरियाचे आहेत. म्हणजे तिथे दार बंद नाही. पण पूर्ण परवान्याला, ज्याला ते अप्रोबाट्सिओन म्हणतात, भाषा लागते. आधी साधी जर्मन बी-टू पातळीपर्यंत. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विभाग आहे, खासगी क्लासेस तर गल्लोगल्ली. काहीच येत नसताना सुरुवात केली तर बी-टूला सलग अभ्यास करूनही वर्ष-दीड वर्ष सहज जातं. "तीन महिन्यांत जर्मन" अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागा.

त्यानंतर खरी परीक्षा येते. डॉक्टरांसाठी वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते, पातळी सी-वन. बहुतेक राज्यांत ती तासाभराची, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पहिल्या भागात पेशंटशी बोलायचं आणि त्याला काय होतंय ते काढून घ्यायचं. दुसऱ्यात ते डॉक्टरी पद्धतीने लिहून काढायचं. तिसऱ्यात तीच केस वरिष्ठ डॉक्टरांना तांत्रिक भाषेत सांगायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण ससूनच्या ओपीडीत पेशंट काय सांगतो ते आठवा. "पोटात कळ मारतीये." "छातीत चमक निघते." "जीव घाबराघुबरा होतोय." आपली पोरगी हे मराठीत, उर्दूत, हिंदीत क्षणात समजते, कारण ती या बोलीत वाढली आहे. जर्मन म्हातारी तिच्या बोलीत असंच काही सांगणार, आणि पोरीला ते कळून, धीर देऊन, कागदावर योग्य शब्दात उतरवायचं आहे. ज्ञान असूनही डॉक्टर इथे अडकतात. माझा एक विद्यार्थी पहिल्या वेळी इथेच नापास झाला. म्हणाला, "मॅडम, आजार ओळखला होता, पण पेशंटला काय वाटतंय ते विचारायला वाक्यच सुचेना."

जाता जाता एक गंमत सांगते, शाळामास्तरीण आहे म्हणून. उर्दू येणाऱ्यांना जर्मनमधला घशातला आवाज लगेच जमतो, तो आपल्या 'ख़े' सारखाच आहे. आणि मराठीत जसं तो, ती, ते, तशी जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत. उर्दू माध्यमातली आमची पोरं मराठीच्या 'ते'पाशी अडखळतात. पण ज्यांनी ते पक्कं केलं, त्यांना जर्मनमध्ये तिसरं लिंग पाहून धक्का बसत नाही. दोन भाषांत वाढणं कधी वाया जात नाही.

भाषा झाली की पदवीची तपासणी. आपला अभ्यासक्रम तिथल्या अभ्यासक्रमाच्या बरोबरीचा आहे का, हे त्या-त्या राज्याचं खातं ठरवतं. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळ्या वेगाने चालतं. बरोबरीचा मानला नाही, आणि भारतीय पदवीच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं, तर ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. ती तोंडी आणि प्रत्यक्ष पेशंटवर असते, भर मेडिसिन आणि सर्जरीवर. ती पास होईपर्यंत तात्पुरता परवाना मिळू शकतो, पण तो साधारण दोन वर्षांपुरता. या सगळ्या काळात घरभाडं, व्हिसा, बँकेत दाखवायची रक्कम, हे घरच्यांनाच बघावं लागतं. बागवान चाचांच्या सहा लाखांत यातलं काय काय येतं, ते आधी विचारायला हवं.

अजून एक गोंधळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. त्याची कात्रणं दाखवून एजंट म्हणतात, "आता सरकारच पाठवतंय." त्या करारात नर्स, तंत्रज्ञ, इलेक्ट्रिशियन असे पेशे आहेत. डॉक्टरांच्या परवान्याची परीक्षा त्यामुळे माफ झालेली नाही.

आता इंग्लंड. आपल्या मागच्या पिढीला तीच वाट माहीत आहे. १९४८ मध्ये तिथली सरकारी आरोग्य सेवा, एनएचएस, सुरू झाली आणि डॉक्टर कमी पडले. तेव्हा भारतीय पदवीवर सरळ नोंदणी होत असे. १९७५ मध्ये ती सवलत काढली आणि परीक्षा आली. तिचंच पुढचं रूप म्हणजे आजची प्लॅब. २००६ मध्ये नियम एकदम बदलले, वर्क परमिटशिवाय प्रशिक्षण बंद झालं, आणि तिथे पोहोचलेले हजारो भारतीय डॉक्टर हवालदिल झाले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापिओ ही संघटना कोर्टात गेली. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सरकारच्या सूचना बेकायदा ठरवल्या. निकाल बाजूने लागला, पण तोवर कित्येक जण परत आले होते. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत तिथे जे पहिले चार डॉक्टर गेले, ते चारही बाहेरून आलेल्या घरांतले मुसलमान होते. गरज असते तेव्हा हे लोक लागतात आणि गरज बदलली की नियम बदलतात. मी हे कडवटपणे सांगत नाही, पण हिशोब मांडताना धरायला हवं.

आज काय? प्लॅबचे दोन भाग. पहिला १८० प्रश्नांचा, तीन तासांचा, भारतात देता येतो. दुसरा मँचेस्टरला जाऊन द्यावा लागतो. तिथे पेशंटचं काम करणाऱ्या नटांना तपासायचं, समजवायचं, वाईट बातमी सांगायची. त्याची फी हजार पौंडांच्या घरात, तिकीट आणि राहणं वेगळं. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये सरासरी ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ लागतात. आमच्या उर्दू शाळेतली हुशार पोरंसुद्धा यात लेखनाच्या भागात मागे पडतात, म्हणून त्याची तयारी इंटर्नशिपमध्येच सुरू करावी.

हे सगळं पास झालं तरी आता नोकरीचं वांधं आहे. २०२५ मध्ये स्पेशालिटी प्रशिक्षणाच्या सुमारे दहा हजार जागांना तीस हजारांवर डॉक्टर अर्जदार होते. त्याच वर्षी ब्रिटन सरकारने आपल्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत सांगून टाकलं, की तिथे शिकलेल्या डॉक्टरांना आणि एनएचएसमध्ये बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य देऊ. म्हणजे प्लॅब झालेला पण नोकरी नसलेला डॉक्टर, ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही.

आता आपल्या समाजापुरतं. आपल्याकडे बरीच मुलं-मुली युनानीला, म्हणजे बीयूएमएसला जातात. कॅम्पात आझम कॅम्पसचं युनानी कॉलेज आहे, आपल्या घरांतल्या कितीतरी मुली तिथून शिकल्या आणि इथे चांगलं काम करतात. पण बीयूएमएसवर इंग्लंडमध्ये किंवा जर्मनीत डॉक्टरचा परवाना मिळत नाही. प्लॅबला बसताच येत नाही. कोणी "करून देतो" म्हणाला तर तो खोटं बोलतोय. तसंच जॉर्जियात एमबीबीएस केलं की युरोपची पदवी झाली, असं सांगणारेही आहेत. जॉर्जिया युरोपियन युनियनमध्ये नाही.

हिजाबचं मुली मला हळूच विचारतात. इंग्लंडमध्ये कोपरापासून खाली हात उघडे ठेवावे लागतात, हा संसर्गाचा नियम सगळ्यांना आहे. ऑपरेशन थिएटरसाठी डर्बीच्या रुग्णालयाने २०१९ मध्ये एकदा वापरून टाकायचे निर्जंतुक हिजाब सुरू केले. फ्रान्समध्ये मात्र सरकारी रुग्णालयात नोकरी करताना हिजाब चालत नाही. देश निवडताना हे घरात मोकळेपणाने बोला.

आणि शेवटी माझ्या खात्यातली गोष्ट, नाव. दाखल्यावर 'शेख', मार्कशीटवर इंग्रजीत एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, निकाहनंतर बापाच्या जागी शोहरचं नाव. इथे कोणी फारसं विचारत नाही. तिथे प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहतात आणि फाइल महिनोन् महिने पडून राहते. दहावीनंतर दाखल्यातली दुरुस्ती फार अवघड होते. म्हणून ज्यांची मुलं अजून आठवी-नववीत आहेत त्यांनी याच आठवड्यात शाळेत येऊन जनरल रजिस्टरमधलं नाव आणि जन्मतारीख बघून जावं. ज्यांची मुलं पुढे गेली, त्यांनी निकाहनंतर पासपोर्ट बदलायची घाई करू नये. आधी पदवीचे कागद आणि नोंदणी कोणत्या नावावर आहे ते पाहावं.

काल चाचांच्या गाळ्यावर पुन्हा गेले. पोरगीही आली होती. तिला म्हटलं, "बेटी, एजंटचं राहू दे. इंटर्नशिप पूर्ण कर, इथली नोंदणी पक्की कर, नीट पीजीचा फॉर्म सोडू नकोस. आणि जर्मनच्या पहिल्या पातळीला नाव घाल. सहा महिन्यांत तुला स्वतःला कळेल, ही भाषा तुझ्याच्याने होतीये की नाही." ती म्हणाली, "मॅडम, संध्याकाळची बॅच मिळाली तर ड्युटीनंतर जमेल." चाचांनी कोथिंबिरीची एक जुडी वर टाकली आणि पैसे घेतले नाहीत.