श्वानाच्या नखांची निगा

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पारनेरच्या माळावर मेंढरांमागें हिंडणाऱ्या धनगरी कुत्र्याचीं नखें मुरुमावर आपोआप झिजतात. फरसबंद घरांत वाढलेल्याचीं मात्र वाढतच राहतात. म्हणून घरचें कुत्रें लंगडूं लागल्यास वाचकांनीं तें म्हातारपण समजूं नये. आधीं नखें पाहावींत.

नखाच्या आंत रक्तानें भरलेली, वेदना जाणणारी जिव्हाळी असते. पांढऱ्या नखांत ती गुलाबी दिसते, काळ्यांत दिसत नाहीं. तेव्हां टोंक थोडथोडें कापावें व छेदाच्या मध्यभागीं काळसर ठिपका दिसतांच थांबावें. अशी नियमित कापणी केल्यास जिव्हाळीहि हळूहळू मागें सरते. पायाच्या आंतल्या अंगाचें, जमिनीस न टेकणारें नख विसरल्यास तें वळून मांसांत रुततें.

नख चिरल्यास ओढूं नये. रक्त आल्यास स्वच्छ फडक्यानें ५ मिनिटें दाबून धरावें. चीर जिव्हाळीपर्यंत गेली असल्यास पशुवैद्याकडेच न्यावें. वेदनेनें इमानी प्राणीहि चावतो. यास्तव मुलांस दूर ठेवावें. चावलाच, तर जखम साबणपाण्यानें १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.