मुद्दाम चुकीची आखलेली पट्टी

ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, बनवणाऱ्या पॅटर्नमेकरची बिडासाठीची ३० सेंटिमीटरची पट्टी आपल्या साध्या पट्टीला लावून बघितली, तर ती ३ मिलिमीटर जास्त भरते. ती मुद्दाम तशी आखलेली असते. बीड गोठल्यावर थंड होता होता मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसतं, अ‍ॅल्युमिनियम १३च्या आसपास, पोलाद तर बिडाच्या जवळजवळ दुप्पट. मग दर मापाला आकडेमोड करत बसण्यापेक्षा पट्टीच मोठी घ्यायची! लाकडी पॅटर्नवरून आधी अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा आणि त्यावरून बिडाचे भाग काढायचे असले, तर आकसणं दोनदा होणार. म्हणजे लाकूड मीटरमागे २३ मिलिमीटर मोठं कापायचं.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत असे सुटे भाग ओतणारी, डाय-कास्टिंग करणारी लहान-मोठी युनिट्स आहेत. शेजारी सातपूरला महिंद्रा, बॉशसारखे कारखाने असल्यावर ती असणारच. आयटीआय झालेली मुलं मात्र आधी सीएनसीकडे बघतात. फाउंड्री म्हणजे धूर, घाम, वाळू, एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं. ते खोटं नाही. सिलिकाची धूळ फुप्फुसाला खरोखर घातक, मास्कला पर्याय नाही.

पण त्या वाळूची करामत बघा. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती आणि जेमतेम ३-४ टक्के पाणी, एवढ्यावर साचा उभा राहतो आणि १४०० अंशांच्या आसपासचा बिडाचा रस पोटात घेतो. प्रयोगशाळेत ओलावा मोजतातच, तरी जुना मोल्डर मूठभर वाळू आवळतो. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, गोळा मोडला की कडा धारदार राहिल्या पाहिजेत. भुगा झाला तर पाणी कमी, तळहाताला चिकटली तर जास्त. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. ती वाळूतून निसटली नाही, तर कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, पोटात पोकळी राहते, ब्लोहोल. वरून भाग देखणा दिसतो. लेथवर चढल्यावर पितळ उघडं पडतं.

हे शिकण्याची रीतसर वाट आहे. आयटीआयचा फाउंड्रीमन ट्रेड एक वर्षाचा. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात शिकता येतं, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. २०१९च्या नियमांनी दहावी पास उमेदवाराला महिना किमान ६,००० आणि आयटीआयवाल्याला ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. नाशिकमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला ते पुरत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

पुढचा रस्ता मात्र वाटतो तेवढा अरुंद नाही. भट्टीवरून मेल्टिंग सुपरवायझर, सँड लॅबमधून क्वालिटी, आणि डिप्लोमाची जोड दिली तर मेथड्स. तिथे रस कुठून शिरेल, आकसताना जादा रस पुरवणारा रायझर कुठे बसेल, शेवटी कुठला कोपरा गोठेल, हे संगणकावर आधी ओतून बघतात. कास्टिंगच्या उत्पादनात चीननंतर भारताचाच नंबर लागतो. विजेच्या गाडीला इंजिनाचा ब्लॉक लागत नाही, पण मोटरचं आणि बॅटरीचं अ‍ॅल्युमिनियमचं घर लागतं; तेही बरंचसं ओतूनच होतं.

उमेदवारीला जाणाऱ्यानं एचआरला एवढं विचारावं: वर्षभरात मोल्डिंग, कोअर शॉप, भट्टी आणि लॅब फिरवणार, की ग्राइंडर हातात देऊन फेटलिंगलाच, म्हणजे कास्टिंगवरचा जादा धातू घासायलाच, बसवणार? दुसरं उत्तर आलं, तर शेजारच्या गेटवर चौकशी करावी.