गोळी पोहोचली, पट्टी राहिली

रायपूरच्या उत्तरेला लागून असलेले बीरगांव म्हणजे उरला औद्योगिक वसाहतीचे गाव. रोलिंग मिल, भट्ट्या, गोदामे, आणि तिथे राबायला छत्तीसगडच्या खेड्यांतून, ओडिशातून, बिहारमधून आलेली माणसे. अशा वस्तीत कमाई पायांवर उभी असते. पाय घोट्यापासून फुगू लागला, बूट चढेना झाला, की आधी काम सुटते आणि दवाखाना नंतर आठवतो. रायपूर हा छत्तीसगडमधल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. हावडा–मुंबई लोहमार्गाने पश्चिमेकडे निघाले, तर गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा हा आपला विदर्भही त्याच रोगाच्या पट्ट्यात येतो.

या रोगाशी आपली लढाई जुनी आहे. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तात हत्तीरोगाच्या कृमीची पिल्ले सापडली. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाचा दुवा शोधला. आपल्याकडे तो डास आहे क्युलेक्स, तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारा. भारताचा राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम १९५५ चा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ यांनी रक्ततपासणीने निदान करण्याच्या पद्धतींवर दीर्घकाळ संशोधन केले. २००४ पासून वर्षातून एकदा सामूहिक औषधोपचार देशभर सुरू झाला. तीन औषधांचा एकत्रित डोस देशात आधी बिहारमधल्या अरवलमध्ये आणि पाठोपाठ जानेवारी २०१९ मध्ये नागपुरात दिला गेला. आता २०२७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे.

गोळी घरोघर पोहोचली, हे मोठेच काम झाले. पण गोळी रक्तातली पिल्ले मारते आणि रोगाचा प्रसार थांबवते. वर्षानुवर्षे सुजलेला पाय तिने पूर्ववत होत नाही. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत पाच-सात वर्षे राहतात. त्या काळात वाहिन्या सैल पडतात, त्यांच्या झडपा निकामी होतात. पेशींभोवतीचे जास्तीचे पाणी आणि प्रथिने रक्तात परत नेण्याचे काम या वाहिन्यांचे. ते अडले की द्रव साचतो, हळूहळू तिथे चरबी आणि तंतू वाढतात, कातडी जाड आणि कडक होते. बोटाच्या मुळाशी कातडीची घडी चिमटीत धरता आली नाही, तर तपासणारा समजतो की ही लसीकासूज आहे.

इथून पुढचा उपचार हाताचा, पाण्याचा, पट्टीचा आणि व्यायामाचा आहे. त्यातली पहिली पायरी सगळ्यांत स्वस्त आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात जेरूसा ड्रायर यांनी दाखवून दिले की पाय वाढतो तो मुख्यतः पुन्हा पुन्हा येणाऱ्या जंतुसंसर्गाने. थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी जास्त उरते. जंतू शिरतात ते बहुधा बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून. म्हणून रोज साध्या पाण्याने आणि साबणाने पाय धुवायचा, कातडीच्या प्रत्येक घडीत बोट फिरवायचे, मऊ कापडाने बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, चिखल्या असतील तिथे बुरशीचे मलम लावायचे. घासायचे मात्र नाही.

दुसरी पायरी हाताची. डेन्मार्कचे एमिल व्होडर यांनी १९३० च्या दशकात लसीकानिचऱ्याचे हलके मर्दन विकसित केले. जर्मनीत मिशाएल फोल्डी यांनी त्याला पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा जोडून पूर्ण उपचारपद्धती बसवली. आपल्याकडे सुजेवर तेल लावून जोरात चोळतात. इथे नेमके उलटे आहे. फिजिओथेरपिस्टची बोटे कातडी जेमतेम ताणतात, आणि सुरुवात सुजलेल्या पायापासून होत नाही. आधी मान, पोट, जांघ मोकळी करायची, मग खाली यायचे. पुढे रस्ता रिकामा असेल तरच मागचा द्रव सरकतो.

मग पट्टी. कमी ताणाची पट्टी बोटांपासून वर गुंडाळतात, घोट्याशी दाब जास्त, वर कमी. खाली कापसाचा किंवा फोमचा थर. बोटे निळी पडली वा मुंग्या आल्या तर लगेच सोडायची. पट्टी बांधूनच घोटा वरखाली करायचा, चालायचे, पोटातून खोल श्वास घ्यायचा. स्नायू आणि पट्टी यांच्यामध्ये दाबला गेलेला द्रव पुढे ढकलला जातो. सूज उतरल्यावर दाबाचा मोजा, आणि तो कायमचा.

हाच उपचार कर्करोगानंतरच्या सुजेलाही लागू आहे. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या साधारण पाचांपैकी एका स्त्रीच्या हाताला कधी ना कधी सूज येते. काखेतल्या ग्रंथी काढल्या किंवा तिथे किरणोपचार दिले असतील तर धोका जास्त. या बायकांना वर्षानुवर्षे सांगितले गेले, बादली उचलू नका, मूल कडेवर घेऊ नका. कॅथरिन श्मिट्झ यांच्या २००९ च्या अमेरिकी अभ्यासाने हा समज खोडला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. पाणी भरण्यावाचून गत्यंतर नसलेल्या बाईसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे.

आणि कर्करोग आटोक्याबाहेर गेला असेल तेव्हा? तेव्हा त्रास हलका करणारी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे परिहार सेवा. शांती अवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले, सिपलाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ मध्ये पुण्यात. त्यासाठीचा केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. या सेवेत फिजिओथेरपीचे माप बदलते. इंचपट्टीने घेर किती उतरला हे महत्त्वाचे राहत नाही; कूस वळता येते का, ब्लाउजची बाही चढते का, कपभर चहा स्वतःच्या हाताने पिता येतो का, हे विचारायचे. मर्दन थोडा वेळ आणि हलके, पट्टी मऊ आणि सैलसर, हाताखाली उशी. कातडीतून पाणी झिरपत असेल तर शोषून घेणारे ड्रेसिंग आणि त्यावर हलका दाब. अंथरूण कोरडे राहिले तरी माणसाची लाज झाकली जाते. शिरेत गुठळी, ताजा जंतुसंसर्ग किंवा हृदय कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी बांधायची नाही. घरातल्या एका माणसाला हे शिकवणे हा उपचाराचाच भाग.

म्हणून, सूज पूर्ण जात नाही म्हणजे करण्यासारखे काही नाही, हे वाक्य चुकीचे आहे आणि ते रुग्णाला ऐकवणे बंद व्हायला हवे. रायपुरात एम्स आहे, आंबेडकर रुग्णालयात प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे. पण रोजची पट्टी रोज शहरात जाऊन बांधता येत नाही. छत्तीसगडने २००२ मध्ये, आशा योजनेच्याही आधी, मितानिन म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविका उभ्या केल्या. पाय धुण्याची रीत आणि पट्टीची घडी त्यांच्यामार्फत घरात जाऊ शकते, आठवड्यातून एक दिवस वस्तीतल्या आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट बसू शकतो. टब, मग, साबण, मलम यांच्या सरकारी संचासोबत दाबाची पट्टीही हक्काने मिळायला हवी.

वाचकांना विनंती एवढीच. गोळीच्या मोहिमेत गोळी समोरच गिळा. घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी कुणाचा पाय वा हात सुजलेला राहत असेल, तर त्याला तेल सुचवू नका. डॉक्टरांकडे न्या आणि फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी मागून घ्या.