ॲपमधली वेळ ठरलेली की खरी? पनवेलहून निघण्याआधी हे वाचा

रविवारी सकाळी मोबाइलवर पनवेल-सीएसएमटी लोकलची वेळ दिसते. तुम्ही धावतपळत स्टेशन गाठता आणि कळतं, आज हार्बरवर मेगाब्लॉक! मग ॲप खोटं बोललं का? नाही. त्याने तुम्हाला वेळापत्रक दाखवलं, गाडी नाही.

अशा ॲपमध्ये दोन प्रकारची माहिती असते.

वेळापत्रक: गाडी कधी यायला हवी, हे सांगणारी. ती ॲपमध्ये आधीच भरलेली असते. म्हणूनच एम-इंडिकेटरवर लोकलच्या वेळा इंटरनेट नसतानाही दिसतात.

लाइव्ह: गाडी आत्ता कुठे आहे, हे सांगणारी. गाडीतलं जीपीएस यंत्र तिचं ठिकाण सतत कळवत राहतं. मध्य रेल्वेच्या 'यात्री' ॲपवर २०२२ पासून लोकल अशी लाइव्ह दिसते. यंत्र किंवा नेटवर्क बंद पडलं, तर मात्र जुनंच ठिकाण दिसत राहू शकतं.

मग लाइव्ह बघितलं की काम झालं? पनवेलकरांसाठी इथेच खरी गंमत आहे. पनवेलहून जाणाऱ्या हार्बरच्या गाड्या पनवेललाच सुटतात. न सुटलेल्या गाडीचं लाइव्ह ठिकाण काय दिसणार? पण मुंबईहून आलेलीच गाडी बहुधा परत फिरते. त्यामुळे पनवेलकडे येणाऱ्या गाड्या उशिरा धावत असतील, तर तुमचीही उशिरा सुटण्याची शक्यता जास्त.

कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं उलट आहे. त्या लांबून येतात, म्हणून तिथे लाइव्हच बघा. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेवर वेग कमी ठेवतात आणि वेगळं वेळापत्रक लागू होतं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं होतं. ॲप अपडेट केलेलं नसेल, तर त्यातलं वेळापत्रकही चुकीचं ठरतं.

मग करायचं काय?

• आदल्या दिवशी बेत आखताना वेळापत्रक बघा.
• घरातून निघताना लाइव्ह बघा आणि ते शेवटचं कधी अपडेट झालं, हेही तपासा.
• शनिवारी रात्री मेगाब्लॉकची बातमी वाचा.
• शेवटची लोकल पकडायची असेल, तर 'गाडी लेट आहे' या भरवशावर राहू नका. वेळापत्रकाच्या आधीच पोहोचा.

घरात कुणी रोज लोकलने जात असेल, तर त्यांनाही हे नक्की पाठवा.