शेवटचं डॉर्नियर

१० जून २०१३ रोजी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ, गुडविन सँड्स नावाच्या वाळूच्या दांड्यांपाशी, क्रेननं पाण्यातून एक बॉम्बफेकी विमान वर काढलं. जर्मनीचं डॉर्नियर डीओ-१७. २६ ऑगस्ट १९४० रोजी, दुसऱ्या महायुद्धातली ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ ही हवाई लढाई ऐन भरात असताना, ते पाडलं गेलं होतं. आतल्या चौघांपैकी दोघे वाचले आणि युद्धकैदी झाले. विमान मात्र सुमारे १५ मीटर खोल, तळाशी उलटं पडून राहिलं आणि वाळूखाली गेलं. पुढे वाळू सरकली, ते उघडं पडलं आणि खारं पाणी त्याला खाऊ लागलं.

या जातीची दोन हजारांहून अधिक विमानं बनली होती. त्यांतलं जवळजवळ शाबूत म्हणावं असं हे एकच उरलं. बाकीची युद्धात गेली किंवा भट्टीत. भंगाराला भाव असतो, आठवणीला नसतो. जुनी विक्रांत युद्धनौका २०१४मध्ये दारूखान्याच्या भंगारवाड्यात तुटताना पाहिलेल्या मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको.

डॉर्नियरसाठी रॉयल एअर फोर्स म्युझियमनं पैसा उभा करायला घेतला. त्यात मोठा वाटा नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडाचा, ३ लाख ४५ हजार पौंडांहून अधिक. या फंडाचं मूळ १९४६च्या नॅशनल लँड फंडात आहे आणि तो उभा राहिला होता युद्धातलं उरलंसुरलं सामान विकून आलेल्या पैशातून. शिवाय १९८०मध्ये नव्या रूपात आलेला हा फंड देशासाठी प्राण दिलेल्यांचं स्मारक मानला जातो. त्याच फंडातून शत्रूचं विमान वाचवायला पैसे दिले गेले. मला हा निर्णय फार मोठ्या मनाचा वाटतो. आपली माणसं कशाला तोंड देत होती, हे पुढच्यांना कळायचं तर समोरचं यंत्रही डोळ्यांनी दिसायला हवं.

पैसा आला तरी समुद्र कुणाचं ऐकत नाही. विमानाभोवती पाण्याखालीच लोखंडी सांगाडा उभारून ते अलगद उचलायचं ठरलं होतं. पण वाऱ्यामुळे पाणबुड्यांना दिवसचे दिवस काम करता येईना आणि इकडे बार्जचा खर्च चालूच. शेवटी सांगाड्याचा बेत सोडून दोर थेट विमानालाच बांधले. धोका होता, पण विमान वर आलं.

विमान वर येतानाची छायाचित्रं जगभर छापली गेली. खरा चिवट खर्च त्यानंतरचा. सात दशकं मिठात मुरलेलं ॲल्युमिनियम हवेत आल्यावर भराभर झिजू लागतं. म्हणून म्युझियमच्या कॉसफर्ड इथल्या संवर्धन केंद्रात प्लास्टिकचे बोगदे उभारून, धड आणि पंख त्यांत ठेवून, त्यांवर सौम्य सायट्रिक ॲसिडचे फवारे सोडले. आपल्या स्वयंपाकघरातलं लिंबूसत्त्व ते हेच. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या संशोधकांच्या मदतीनं ही रीत बसवली होती. त्यानं शिंपल्यांचा थर सुटतो, क्षार धुऊन निघतात आणि धातू शाबूत राहतो. हे काम महिनोन् महिने चालतं. ते बघायला कॅमेरे येत नाहीत आणि देणगीदारही विरळ होतात. वारसा जपण्याच्या मोहिमा अडतात त्या बहुधा इथेच, उचलण्याच्या दिवशी नाही.

म्युझियमनं एक गोष्ट आधीच ठरवून टाकली होती: नवा पत्रा ठोकून, रंग देऊन विमान कोरं करायचं नाही. वाकलेले पंख, गंजलेली इंजिनं, सगळं जसं मिळालं तसंच टिकवायचं.