पान्हा आणि पगारी रजा

नवजात बालकाला अंगावरचे दूध द्यावे की डब्याचे, हा प्रश्न आपल्याकडे निव्वळ आईच्या आवडीनिवडीचा मानला जातो. तिने अंगावर पाजले तर ती वत्सल आणि डबा आणला तर ती हौशी किंवा आळशी, असा निवाडा देऊन समाज मोकळा होतो. परंतु निवड करण्याइतकी मोकळीक त्या बाळंतिणीला खरोखर असते काय?

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यात फारसा वाद उरलेला नाही. जन्मानंतर तासाभरात बाळाला पाजावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भुकटीचे दूध करायचे तर शुद्ध पाणी, उकळलेली भांडी आणि सांगितलेले प्रमाण पाळण्याइतका पैसा हवा. जेथे ही सोय नाही, तेथे डबा पुरवून पुरवून वापरला जातो. मग पातळ दुधाने बाळाचे पोषण खुंटते व दूषित पाण्याने त्याला जुलाब लागतात.

हे ओळखूनच १९८१ साली या संघटनेच्या सभेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधी आचारसंहिता संमत केली. भारताने १९९२ साली स्वतंत्र कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. डब्यांच्या जाहिराती, फुकट नमुने, वेष्टनावरील बाळाचे चित्र, हे सारे निषिद्ध ठरले. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्केच बालके निव्वळ स्तनपानावर आढळली. तासाभरात दूध मिळालेली तर निम्मीही नव्हती. अर्थात, जाहिरात थांबली म्हणून अडचण थांबत नाही.

ही अडचण हिशेबाने समजते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. सहा महिन्यांच्या शिफारशीशी हा आकडा जुळतो. मात्र त्यांतील ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या स्त्रीला प्रकृतीपायी ते घ्यावे लागले, तिच्या पदरी नंतर १८ आठवडेच उरतात. आणि ही झाली संघटित नोकरीतील भाग्यवंतांची गोष्ट. चार घरची धुणीभांडी करणारीला कोण रजा देतो? ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. डोक्यावर उचल असताना खाडा परवडत नाही. तिला स्तनपानाचे महत्त्व सांगणे म्हणजे भुकेल्याला आहारशास्त्र शिकविणे होय.

दुसरी अडचण अज्ञानाची आहे, पण ते एकट्या आईचे नव्हे. ‘दूध पुरत नाही’ असे दुसऱ्याच दिवशी कोणीतरी म्हणते आणि वरचे दूध सुरू होते. वास्तविक पहिल्या दिवसांतील चीक थोडा असला तरी बाळाला तेवढा पुरतो आणि पुढे बाळ जितके ओढील तितका पान्हा वाढतो. वरच्या दुधाने पोट भरले की ओढणे कमी होते व दूध खरोखरच आटते. अशा वेळी बाळंतिणीजवळ बसून तिला धीर देणारी, बाळाला नीट कसे घ्यावे हे दाखविणारी जाणती परिचारिका हवी असते.

काही मातांना आजारपणामुळे, औषधांमुळे पाजता येत नाही. काही बाळे पोरकी होतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी निघाली ती अशाच गरजेतून. जेथे तीही नाही आणि डॉक्टर डबाच सुचवितात, तेथे त्या मातेला अपराधी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तेव्हा उपदेश आता पुरे झाला. असंघटित स्त्रीला प्रसूतिकाळात बुडणारी मजुरी भरून द्यावी, कामाच्या ठिकाणी, मग तो उसाचा फड का असेना, पाळणाघर असावे आणि प्रत्येक प्रसूतिगृहात शिकविणारे माणूस असावे. एवढे केल्यावरच ‘निवड तुझी’ असे तिला म्हणण्याचा हक्क आपल्याला पोहोचेल.