बेडका बाटलीत वाढवून का बघतात?

आपल्या घोडबंदर रोडवर, ओवळ्यापासून कासारवडवलीपर्यंत, टीबीचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "एकदा बेडका तपासला, काही नाही म्हणाले. मग परत कशाला मागतात? आणि कल्चरच्या रिपोर्टला एवढे आठवडे?"

पहिली तपासणी काचेवरची असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात ते साधारण ५ ते १० हजार असावे लागतात. कमी असले तर असूनही दिसत नाहीत. कल्चरला १० ते १०० जिवंत जंतूही पुरतात, कारण तिथे त्यांना खाऊ घालून वाढवतात. विरजणासारखंच. फरक एवढाच की विरजण रात्रीत लागतं आणि टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायलाच जवळजवळ अख्खा दिवस लागतो.

वाढवायच्या पद्धती दोन. जुनी घट्ट, तिला एल.जे. म्हणतात. अंडी, ग्लिसरीन, क्षार आणि हिरवा रंग एकत्र करून, नळी तिरपी ठेवून ते उष्णतेने खरवसासारखं घट्ट करतात. त्यावर बेडका घालून नळी ३७ अंशांवर ठेवतात आणि दर आठवड्याला बघतात. टीबी असेल तर खडबडीत पिवळसर गाठी उगवतात, फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या. ही पद्धत स्वस्त आहे, पण "नाही" म्हणायला ८ आठवडे थांबावं लागतं.

नवी पद्धत पातळ, एमजीआयटी. जंतू वाढताना नळीतला प्राणवायू संपवतात, तसा तळाचा पदार्थ चमकू लागतो आणि यंत्र ते टिपतं. टीबी असेल तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत कळतं, "नाही" म्हणायला ४२ दिवस. घट्टपेक्षा यात जास्त रुग्ण सापडतात. पण यंत्र महाग, आणि तोंडातले इतर जंतू शिरले की पातळ नमुना लवकर नासतो. म्हणून काही प्रयोगशाळा दोन्ही लावतात. मला विचाराल तर घाई असलेल्या रुग्णाला पातळच हवी.

"सीबीनॅट दोन तासांत सांगतं, मग हे कशाला?" तेही बरोबर. पण सीबीनॅटला मेलेले जंतूही दिसतात आणि एका रिफाम्पिसिनचंच कळतं. गोळ्या घेऊन जंतू मेले का, बाकीची कुठली औषधं चालतील, हे बघायला ते जिवंत वाढवावेच लागतात. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस असे चार रुग्ण जगापुढे आणले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. हे कळलं ते जंतू वाढवून, औषधांसमोर ठेवून.

आता आपल्या हातातलं. बायका चारचौघांत खाकरायला लाजतात आणि डबीत नुसती लाळ देतात. पाकिस्तानात रावळपिंडीला बायकांना आधी नीट समजावून बेडका मागितला. २००७ साली त्याचा निकाल छापून आला. न सांगता दिलेल्यांत शंभरात ८ जणींचा टीबी काचेवर सापडला, सांगून दिलेल्यांत १३ जणींचा. औषध नाही, यंत्र नाही, फक्त दोन वाक्यं!

तर सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभ्या राहा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा. घट्ट, चिकट, चमचाभर तरी हवा. झाकण घट्ट लावून डबी लगेच द्या. उन्हात गाडीत राहिली तर इतर जंतू माजतात, आणि गायमुखचा ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. उशीर होणार असेल तर डबी बर्फाच्या पेटीतून जातेय ना, हे आशाताईंना विचारा. रिपोर्टची वाट बघताना चालू गोळ्या थांबवू नका, आणि रिपोर्टवर "दूषित" लिहून आलं तर टीबी नाही असं समजू नका. तो नमुना नासलाय, दुसरा द्यायचाय.